ठराव झाला, पाणी कधी मिळाले?



हिवाळी अधिवेशन आले की आपल्या नागपुरात रस्ते अडतात अन् आपण कुरकुरतो. १९५३ च्या नागपूर करारात हे अधिवेशन ठरले. पण सरकारला तिथे जाब कसा विचारतात, हे किती जणांना ठाऊक आहे?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा! १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले, पण कागदावर. १९२६ साली बोल्यांनी सरकारला पुन्हा धरले: ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान थांबवा. तरी ओंजळ भरली ती २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हाच. पुढे कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले.

सांगायचे काय, तर सभागृह विचारते, पण पाठपुरावा लोकांनी करायचा असतो. आजही तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहे. अनुसूचित जाती कल्याण समिती अधिकाऱ्यांना समोर बसवून हिशेब मागू शकते. पण आपल्या वस्तीतल्या कोणत्या पोराची शिष्यवृत्ती अडली, हे त्यांना स्वप्नात दिसत नाही ना!

म्हणून विहारात एक वही ठेवू या. नाव, तारीख, अर्जाची प्रत. अधिवेशनाआधी ती आमदारांच्या हाती द्यायची. 'कार्यवाही सुरू आहे' असे उत्तर आले, तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारायला लावायचे.

जयभीम! जय भारत!