वीजबाजाराचं दार कुणासाठी उघडलं?

 

आजच्या विषयाचं नाव जड आहे: उद्योग आणि वीजक्षेत्राची नियंत्रणमुक्ती. पण भिवंडी आणि मालेगाव ही दोन नावं घेतली की तो लगेच घरचा होतो. तिथे आपल्या समाजातली हजारो घरं यंत्रमागावर जगतात आणि माग विजेवर चालतो. विजेचा दर कोण ठरवतं, हा आपल्या चुलीचा प्रश्न आहे.

थोडं मागे जाऊ. १९९१ पर्यंत कारखान्यात काय बनवायचं, किती बनवायचं, यासाठी दिल्लीचा परवाना लागायचा. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळून बाकीच्यांची ही अट काढून टाकली. हे चांगलंच झालं, असं मी म्हणेन. परवानाराज हे गरिबांचं राज नव्हतं, ओळखीवाल्यांचं होतं. ज्याची मंत्रालयात ओळख नाही, तो बाहेर उभा राहायचा.

पण वीज ही साबणासारखी वस्तू नाही. साबण महाग वाटला तर शेजारच्या दुकानात जाता येतं. घरात येणारी तार मात्र बहुतेक ठिकाणी एकच असते. म्हणून इथे सरकार बाजूला झालं, तर त्याच्या जागी पंच लागतो.

पंच नसताना काय होतं, ते महाराष्ट्राने दाभोळमध्ये पाहिलं. एन्रॉनच्या कंपनीशी १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, तोही स्पर्धात्मक निविदा न मागवता. दर डॉलरशी बांधलेला. वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचेच. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी एन्रॉनचं दिवाळं वाजलं. याला खुला बाजार म्हटलं गेलं, पण त्यात स्पर्धा नव्हती. जोखीम सगळी जनतेची होती.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे २००३ चा वीज कायदा. वीजनिर्मितीला परवाना लागेनासा झाला. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे तुकडे झाले, त्यातून महावितरण आलं. २००७ मध्ये भिवंडीचं वितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून गेलं आणि २०२० मध्ये मालेगावातही खासगी फ्रँचायझी आली. भिवंडीत पूर्वी निम्म्याहून जास्त विजेचे पैसे वसूल होत नव्हते. ती गळती पुष्कळ कमी झाली, हे खरं. मीटर आणि बिलांवरून आंदोलनं झाली, हेही तितकंच खरं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: ग्राहकाला पर्याय मिळाला नाही. बिल आणून देणारा बदलला, एवढंच.

मग पर्याय मिळाला कुणाला? या कायद्याने १ मेगावॅटपेक्षा मोठ्या ग्राहकाला हव्या त्या उत्पादकाकडून वीज घेण्याची वाट खुली केली. १ मेगावॅट म्हणजे सुमारे १३४० अश्वशक्ती. आपल्या राज्यात यंत्रमागाच्या वीज सवलतीसाठी २७ अश्वशक्तीची रेघ आखली आहे. त्या रेघेवरचा मागवाला या दारापासून जवळजवळ पन्नास पट लहान आहे. २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी ही अट १०० किलोवॅटवर आणली, म्हणजे १३४ अश्वशक्ती. तरी तो पाच पट लहानच.

आता पुढची पायरी पाहा. मोठे उद्योग जास्त दर भरतात, त्यातून शेतकरी आणि गरीब घरांचा दर खाली ठेवला जातो. मोठा ग्राहक बाहेर पडला की तो भार मागे राहिलेल्यांवर येतो. म्हणून जाणाऱ्याकडून अधिभार घेतात. तो किती असावा, यावर दरवेळी भांडण असतं. उद्योगांच्या संघटना अभ्यास करून, वकील घेऊन तिथे हजर असतात. आपण असतो का?

हे भांडण चालतं महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोर. कायद्याप्रमाणे दराचा प्रस्ताव लोकांसमोर मांडावा लागतो आणि हरकती ऐकाव्या लागतात. हरकत कोणीही घेऊ शकतो, वकील असलाच पाहिजे असं नाही. पुण्याची प्रयास ही संस्था आणि मुंबई ग्राहक पंचायत वर्षानुवर्षं हेच काम करत आली आहेत.

इथे तुमची गरज आहे. जाहीर सूचना मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत येते. आपल्याकडचे कितीतरी मागवाले उर्दू वाचतात. त्यांच्यापर्यंत ती सूचना पोहोचतच नाही. तुम्ही मराठी शाळेत शिकलात, घरी उर्दू ऐकलीत. हे दोन्ही ज्याला येतं, त्याने ही सूचना वाचून मोहल्ल्यात समजावून सांगायची आहे.

काम मोठं नाही. चार-पाच जणांनी बसायचं. मागवाल्यांची वर्षभराची बिलं गोळा करायची. युनिटचा दर, स्थिर आकार, वहन आकार वेगळे काढून मांडायचे. त्यावर दोन पानांची हरकत मुदतीत दाखल करायची आणि सुनावणीला उभं राहून ती वाचायची.

दर वाढल्यावर मोर्चा काढायला आपण शिकलो आहोत. पण तोवर आदेश निघालेला असतो. पुढच्या वेळी त्या आदेशात आपल्या हरकतीची नोंद असली पाहिजे. बिलं गोळा करायला या आठवड्यात कोण बसणार, त्यांनी सभा संपल्यावर नावं द्या.