तोफेचं गणित आणि सम

मी चित्रकार नाही, गवईही नाही. लष्करात हवाई संरक्षणाच्या तोफखान्यात होतो. आता निवृत्त होऊन जबलपूरला राहतो.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीने संगणकावर एक छोटी फिल्म केली. काळ्या पडद्यावर फिरणारे ठिपके आणि सोबत सिंथेसायझरचे सूर, एवढंच. माणूस नाही, झाड नाही, गोष्ट नाही. मी विचारलं, "याचा अर्थ काय?" तिने मुकाट्याने लॅपटॉप बंद केला. त्यानंतर तिने मला काही दाखवलं नाही.

पुढे जॉन व्हिटनी हे नाव माझ्या वाचनात आलं, तेही तोफांमुळेच. विमानविरोधी तोफेला प्रेडिक्टर लागतो. गोळा पोचेल तेव्हा विमान कुठे असेल, याचा हिशेब तो करतो. माझी नोकरी याच हिशेबात गेली. दुसऱ्या महायुद्धातलं असं एक एम-५ यंत्र या अमेरिकन कलावंताने लष्कराच्या टाकाऊ मालातून घेतलं आणि त्याचं ॲनिमेशनचं यंत्र केलं. त्यातून १९६१ साली 'कॅटलॉग' ही फिल्म झाली. त्याआधी, चाळीसच्या दशकात, त्याने आणि त्याचा भाऊ जेम्स याने लंबकांच्या झोक्यांतून फिल्मच्या ध्वनिपट्टीवर थेट सूर उमटवले होते. वाद्य एकही नाही!

पुढे तो डिजिटल संगणकाकडे वळला. त्याचं तत्त्व तबला ऐकणाऱ्याला लगेच कळेल. समजा, वर्तुळावर साठ ठिपके एकाच जागेवरून निघाले. पहिल्याची एक फेरी होते तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन, साठाव्याच्या साठ. एकपट, दुगुन, तिगुन. आधी सगळी पांगापांग. पण पहिला एक तृतीयांश वाटेवर आला, की साठही ठिपके तीन जागी गोळा होतात. अर्ध्या वाटेवर दोन जागी. फेरी पुरी झाली, की सगळे एकत्र. ही सम!

सा आणि वरचा सा यांच्या कंपनांचं प्रमाण १:२, सा आणि पंचमाचं २:३. कानाला ज्या साध्या प्रमाणांत विसावा मिळतो, त्यांतच डोळ्यालाही मिळतो, असं व्हिटनीचं म्हणणं. १९८० च्या 'डिजिटल हार्मनी' या पुस्तकात त्याने ते मांडलं. नंतर जेरी रीड या प्रोग्रामरबरोबर त्याने चित्र आणि सूर एकत्र रचण्याची संगणकप्रणालीही केली. म्हणजे संगीत चित्राला मागून चिकटवायचं नाही, दोन्ही एकाच गणितातून उगवायची.

गेल्या दिवाळीत मुलीला म्हटलं, "ती फिल्म परत दाखवतेस?" तिने जुन्या हार्ड डिस्कमधून शोधून काढली. मी बोटांवर मात्रा मोजत बसलो. ठिपके एकत्र आले आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा शेवटपर्यंत पाहिलीच नव्हती."

खरं होतं ते. आपल्या घरात कुणी असं काही दाखवलं, तर अर्थ नंतर विचारा. आधी समेपर्यंत थांबा.

जय हिंद.