आधी आपण बसू, मग मुलांना बसवू

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



‘मनाची एकाग्रता’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी अध्यक्षसाहेबांची आज्ञा झाली. मी कोणी साधक नाही की मौलाना नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. तेव्हा उपदेश न करता जे माझ्या बाबतीत घडले तेच आपणापुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातील एका मुलाने सलग तिसऱ्या दिवशी गृहपाठ आणला नाही. मी त्याला भर वर्गात उभे केले आणि नको ते बोललो. हात उगारला नाही, पण जीभ उगारली. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. मधल्या सुट्टीत त्याचा मित्र माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “सर, त्याची आजी इस्पितळात आहे. आई तिकडेच असते. घरी धाकट्या बहिणीला तोच जेवू घालतो.” वडील आखातात नोकरीला, हे मला ठाऊक होते. बाकीचे मी विचारलेच नव्हते. मी त्या मुलाला बोलावून माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, “असू दे, सर.”

त्या ‘असू दे’ने माझी झोप उडाली. विचार करता लक्षात आले की सकाळी घरी झालेल्या बोलाचालीचा राग मी त्या पोरावर काढला होता. आणि तो राग मनात कधी शिरला, कधी जिभेवर आला, याचा मला पत्ताच नव्हता. त्या दिवशी असरच्या नमाजला उभा राहिलो. ओठ हलत होते, पण मन वर्गातच होते. कितवी रकात चालू आहे तेही आठवेना. सव्वाशे मुलांना ‘लक्ष द्या, लक्ष द्या’ म्हणणाऱ्या माझे स्वतःचे लक्ष कोठे होते?

याच सुमारास एका सहकाऱ्याने मला एक छोटे पुस्तक दिले. सत्यनारायण गोयंका यांच्या प्रवचनांचा तो सारांश होता. पुढे त्यांची ध्वनिमुद्रित प्रवचनेही मी ऐकली. महाराष्ट्रात इगतपुरी येथे १९७६ साली सुरू झालेले ‘धम्मगिरी’ हे विपश्यनेचे केंद्र त्यांनीच उभारले. २०१३ साली त्यांचे निधन झाले, तरी शिबिरे आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतात. म्हणजे हजारो लोक या गुरूकडे त्याचा आवाज ऐकूनच शिकत आहेत.

आपल्या रत्नागिरीकरांना या कथेत एक नवल वाटेल. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेश जिंकला आणि तेथील राजा थिबा याला १८८६ साली रत्नागिरीस आणून नजरकैदेत ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. थिबा पॅलेस आपण सर्वांनी पाहिला आहे. इकडे राजा बंदिवासात होता. तिकडे त्याच्या देशात लेडी सयाडो नावाच्या भिक्षूंना वाटले की राजाश्रय गेला, आता धर्म घराघरांतून राखला पाहिजे. म्हणून त्यांनी सामान्य गृहस्थांना कळेल अशा सोप्या ब्रह्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या आणि गावोगाव फिरून प्रवचने दिली. मठातले ध्यान असे शेतकऱ्याच्या ओसरीवर आले. त्यांच्याकडे एक शेतकरी गृहस्थ, सया थेटजी, शिकले. त्यांच्याकडून १९३७ साली ऊ बा खिन शिकले. हे पुढे ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. आणि त्यांच्याकडे १९५५ साली गेले ते गोयंका. त्यांचा जन्म १९२४ साली मंडालेत, म्हणजे थिबाच्याच राजधानीत झाला होता. ते व्यापारी होते, अर्धशिशीने बेजार झालेले. १९६९ साली ते भारतात आले आणि मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले.

गोयंका स्वतः कट्टर सनातनी हिंदू घरातले. ऊ बा खिन यांच्याकडे जाताना त्यांना भीती वाटली की आपला धर्म तर सुटणार नाही? हे वाचले तेव्हा मी थबकलो, कारण तीच शंका माझ्या मनात होती. आज आपणापैकी अनेकांच्या मनातही ती असेल. तिचे उत्तर मी टाळणार नाही, पण आधी करायचे काय ते सांगतो.

पहिली पायरी ‘आनापान’. ताठ पण सुखाने बसायचे. डोळे मिटायचे. नाकातून येणारा-जाणारा श्वास जाणायचा. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. कोणताही मंत्र नाही, कोणतीही मूर्ती नाही. मन पळाले की कळेल तेव्हा, स्वतःवर न चिडता, त्याला परत श्वासावर आणायचे. इतकेच.

‘इतकेच’ म्हणालो खरा. पहिल्या दिवशी दहा मिनिटे बसलो. दोन श्वास पाहिले, तोच हातखंब्याच्या तिठ्यावरून ट्रकचा भोंगा वाजला. त्यासरशी मन गोवा महामार्गाला लागले. तेथून पालीवरून कोल्हापूरला गेले. तेथून पगारपत्रकावर आले. दहा मिनिटांत मी श्वासापाशी मिनिटभरही नव्हतो. ट्रकचा दोष नव्हता. ट्रक तर केव्हाच निघून गेला होता, त्याच्यामागे मीच धावत होतो.

पुस्तकाचा उपयोग किती आणि मर्यादा कोठे, हे मला तेव्हा कळले. माडावर कसे चढावे ते कोणी कितीही छान समजावले, तरी पायाची कातडी सोलल्याशिवाय माडावर चढता येत नाही. मात्र पाय कोठे रोवायचा हे जाणत्याने सांगितले, तर पडण्याचा धोका कमी होतो. गोयंकांचे सांगणेही हेच की ऐकलेले ज्ञान आणि विचाराने पटलेले ज्ञान या दोन पायऱ्या झाल्या, तिसरी पायरी अनुभवाची. पूर्ण विपश्यना दहा दिवसांच्या शिबिरातच शिकावी, पुस्तकावरून नव्हे, असा त्यांच्या परंपरेचा आग्रह आहे. तेव्हा मी विपश्यना शिकलो असे म्हणणार नाही. मी पहिल्या पायरीवर आहे.

आता त्या शंकेकडे येतो. दहा दिवसांच्या शिबिरात त्या काळापुरती सर्व धर्मांची पूजा-प्रार्थना बंद ठेवावी लागते. हा नियम सर्वांना सारखाच आहे आणि ते तो आधीच स्पष्ट सांगतात. त्यात फसवणूक नाही. पण दहा दिवस पाच वक्तांची नमाज सोडणे मला पटले नाही, म्हणून मी शिबिरास गेलो नाही. जे गेले त्यांना मी नावे ठेवत नाही. घरी दहा मिनिटे श्वास पाहण्याच्या आड मात्र असा कोणताही नियम येत नाही.

आणि लक्ष जागे ठेवण्याची ही शिकवण आपल्याला परकी आहे काय? कुराणशरीफात नमाजमध्ये नम्रता राखणाऱ्यांची प्रशंसा आहे आणि नमाजविषयी बेफिकीर राहणाऱ्यांना इशारा आहे. इमाम गझालींनी नमाजमध्ये मन हजर असण्यावर सविस्तर लिहिले आहे. नक्शबंदी सूफींच्या नियमांत ‘होश दर दम’, म्हणजे प्रत्येक श्वासागणिक जागृती, हा नियम आहे. त्याच परंपरेतील बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्कीपाशी आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. सूफींचा श्वास अल्लाहच्या स्मरणासाठी असतो, तर आनापानात श्वास नुसता पाहायचा असतो. माझ्यापुरते सांगायचे तर हे वुजूच्या आधी अस्तन्या वर सारण्यासारखे आहे. ती इबादत नव्हे, इबादतीची जागाही घेत नाही.

पालकहो, आता मुलांविषयी. आपण मला विचारता, “सर, पोरगा मोबाईल सोडत नाही, अभ्यासात लक्ष नाही, त्याला ध्यानाला बसवू का?” आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०११-१२च्या सुमारास ‘मित्र उपक्रम’ सुरू करून शाळांत आनापान आणले. हेतू चांगलाच आहे. पण ब्रिटनमधील एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ८०हून अधिक शाळा आणि ८ हजारांहून अधिक मुले त्यात होती. ११ ते १३ वर्षांच्या मुलांना शाळेतून अशा प्रकारचे ध्यान शिकवले, पण नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. मात्र शिकवणाऱ्या शिक्षकांचा थकवा काही काळ तरी कमी झाल्याचे आढळले.

मला यात माझीच गोष्ट दिसली. त्या दिवशी वर्गात ध्यानाची गरज त्या मुलाला नव्हती, मला होती. आपण एका हाताने फोन चाळत दुसऱ्या हाताने मुलाला ‘पुस्तकात डोके घाल’ म्हणतो. मूल शब्द ऐकत नाही, हात पाहते. म्हणून माझी विनंती अशी की मुलांना बसवण्याआधी आपण बसू. फजरनंतर दहा मिनिटे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मूल आपणहून शेजारी येऊन बसले तर बसू द्यावे, ओढून बसवू नये.

एक सावधगिरीही सांगतो. हे औषध नव्हे. ज्याला सतत उदास वाटते, झोप लागत नाही, जीव नकोसा होतो, त्याला डॉक्टरांकडेच न्यावे. त्यात लाज कसली? अशा माणसाला एकट्याने डोळे मिटून बसवल्यास त्रास वाढूही शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, मला काय मिळाले ते विचाराल तर थोडेच. राग अजून येतो. पण आता कधी कधी तो येताना दिसतो. श्वास जोरात होतो, कान तापतात आणि तोंड उघडण्यापूर्वी क्षणभराची फट मिळते. त्या फटीत मी एक प्रश्न विचारायला शिकलो आहे. गृहपाठ न आणलेल्या मुलाला आता मी आधी विचारतो, “काय रे, घरी सगळे ठीक आहे ना?”

हा प्रश्न त्या दिवशी विचारला असता, तर आज हे भाषण करण्याची वेळ आली नसती.