‘मी’ कुठे गेला होता?
(वर्धापनदिनी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आम्ही व्यसनमुक्तीवर बोलतो. दारूवर बोललो, गुटख्यावर बोललो. यंदा आम्हाला एका कागदाच्या तुकड्यावर बोलायचे आहे. नखाएवढा कागद. पोरं त्याला ‘स्टॅम्प’ म्हणतात. त्यावर एलएसडी नावाचे रसायन टिपलेले असते. भास घडवणारी जी द्रव्ये आहेत, ज्यांना सायकेडेलिक म्हणतात, त्यातलेच हे एक. आम्ही गिरणी कामगार माणूस, शाळा सातवीपर्यंतची. रात्रपाळी करून जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं, तेवढंच सांगतो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच गल्लीतला मुलगा, वय बावीस. त्याच्या परवानगीने सांगतो, नाव सांगणार नाही. दारूला न शिवणारा, कामाला लागलेला पोरगा. डिसेंबरात मित्रांबरोबर गोव्याला, हणजुण्याला गेला. साठ-सत्तरच्या दशकात तिथे हिप्पी आले, त्यांच्याबरोबर हे द्रव्यही आलं. तिथून येताना पोरानं पाकिटात असा एक कागद आणला आणि एका रविवारी दुपारी जिभेवर ठेवला. संध्याकाळी घरी आला तो भिंत धरून. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या. म्हणाला, “आई, मी नाहीये. मी मेलोय. हा हात कुणाचा आहे?”

आईने हंबरडा फोडला. बाया जमल्या. कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, कुणी म्हणालं, बाहेरचं लागलंय, देवऋषीला बोलवा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली लिंबू कापलं जात होतं! आणि आम्ही? आम्ही पाळीवरून आलो, गर्दी बघितली, आणि नशा केलीय म्हणून त्याच्या मुस्काटात मारली. वीस वर्षं भाषणं करणारे आम्ही. पोरगं आणखी बिथरलं, गच्चीकडे पळालं. दोघांनी कवळ घालून धरलं म्हणून आज तो आहे. अडीच तास असे गेल्यावर त्याच्या मित्राने रडत रडत कागदाचं सांगितलं. मग रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गर्दी बाहेर काढली, दिवा मंद केला, एक औषध दिलं आणि आईला त्याचा हात धरून बसायला सांगितलं. सकाळी त्याने चहा मागितला.

त्या दिवसापासून आम्हाला एकच प्रश्न. रात्रभर त्याचा ‘मी’ कुठे गेला होता?

स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहरात, सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. राय धान्यावर पडणाऱ्या बुरशीतील द्रव्यापासून त्यांनी १९३८ साली एलएसडी बनवले. ही बुरशी आपल्याला परकी नाही. बाजरीच्या कणसावर अरगट पडतो, ज्याच्यासाठी बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं काढून टाकतात, त्याच कुळातली. १९ एप्रिल १९४३ रोजी हॉफमन यांनी स्वतःच पाव मिलिग्रॅम घेऊन पाहिलं आणि सायकलवरून घरी गेले. शेजारीण दूध घेऊन आली, ती त्यांना चेटकीण दिसली. आपल्या अंगात सैतान शिरलाय असं वाटलं. डॉक्टरांनी तपासलं, तर बाहुल्या मोठ्या झालेल्या, बाकी काही नाही.

बघा, ज्याने ते रसायन बनवलं त्या विद्वानालासुद्धा सैतान वाटला. मग आमच्या त्या माउलीला बाहेरचं वाटलं, यात नवल काय? पण आज आपल्याला कारण माहीत आहे.

आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचे द्रव्य निरोप पोचवायचे काम करते. त्याच्यासाठी पेशींवर कुलपं असतात. एलएसडी ही त्या कुलपात बसणारी दुसरी किल्ली. २०१७ साली शास्त्रज्ञांनी असंही पाहिलं, की ही किल्ली आत शिरली की वरून झाकण पडतं, ती लवकर निघत नाही. म्हणून एवढ्याशा कागदाची नशा आठ-दहा-बारा तास चालते.

आता गिरणीचं उदाहरण घ्या. कार्डिंग वेगळं, रिंग फ्रेम वेगळी, साळखातं वेगळं. ज्याने त्याने आपापलं काम करायचं आणि मुकादमाने सगळ्यांचा मेळ घालायचा. मेंदूतही खाती आहेत. आपण रिकामे बसलो की मी कोण, माझं काल काय झालं, उद्या काय होईल, हे विणत बसणारं एक जाळं चालू असतं. २००१ साली अमेरिकेतल्या मार्कस रेकल यांनी त्याच्याकडे लक्ष वेधलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात २०१२ साली भास घडवणाऱ्या अळंबीतलं द्रव्य, सायलोसायबिन, देऊन मेंदूची चित्रे घेतली, तर याच जाळ्याच्या मुख्य ठिकाणी काम मंदावलेलं दिसलं. २०१६ साली वीस जणांना एलएसडी देऊन पाहिलं, तर बघण्याच्या खात्याचा एरवी नसतो इतका संबंध बाकीच्या मेंदूशी जुळला. २०२४ साली अमेरिकेत सात जणांवर झालेल्या प्रयोगात असंही दिसलं, की स्मरणाच्या भागाशी या जाळ्याचा सैल झालेला दुवा काही आठवडे सैलच राहिला.

म्हणजे मुकादम जागेवरून उठला आणि सगळी खाती एकमेकांत मिसळली. पोराला स्वतःचा हात परका वाटला तो यामुळे. कुणी अंगात आलं नव्हतं. उलट रोज अंगात असतो तो ‘मी’ काही तास कामावर नव्हता.

आता एक तरुण आम्हाला म्हणाला, “काका, आपला धम्मही अनात्मच सांगतो ना? मग कागदाने ते तासाभरात दिसलं, तर वाईट काय?” प्रश्न खरा आहे, तो टाळणार नाही. नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचं उदाहरण दिलं. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, तसाच ‘मी’ हा जुळणीचा आहे. पण नागसेनांनी रथ मोडला नाही. राजाला एकेक भाग दाखवला, तो शुद्धीवर असताना. भिंत विटा मोजून उतरवणं वेगळं आणि ती अंगावर कोसळणं वेगळं. आमच्या पोराला अनात्म कळलं नाही, त्याला मरण दिसलं. दुसऱ्या कुणाला त्याच कागदाने आपण देव झालो असं वाटतं, म्हणजे ‘मी’ आणखी फुगतो. द्रव्य दार उघडतं, समजूत देत नाही. पाचवं शील प्रमादाबद्दल आहे. भान सुटलं की बाकीची चार शीलं कोण सांभाळणार?

खरं ते खरं सांगितलं पाहिजे. दारूसारखी शरीराला त्याची चटक लागत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून, इतर उपचारांनी न हटणाऱ्या नैराश्यावर ठरावीक मानसोपचारतज्ज्ञ सायलोसायबिन देऊ शकतात. पण तिथे आधी तपासणी होते, मोजून मात्रा असते, तासन्‌तास माणूस जवळ बसतो. गच्चीवर पोराजवळ कोण होतं? शिवाय एलएसडीच्या नावाने एनबोमसारखं विषारी रसायनही विकलं जातं, त्याने जगात माणसं दगावली आहेत. ज्यांच्या घरात कुणाला वेडाचा आजार आहे, त्यांना धोका जास्त. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात एलएसडीची व्यापारी मात्रा फक्त ०.१ ग्रॅम धरली आहे. तिथे शिक्षा किमान दहा वर्षे. पोराची जवानी तुरुंगात जाईल.

म्हणून हात जोडून सांगतो. पोरांनो, नको. आणि आईबापांनो, पोरानं घेतलंच, तर मारू नका, आम्ही मारलं ती चूक करू नका. गर्दी हटवा, आवाज कमी करा, गच्ची-खिडकीपासून दूर ठेवा, “हे औषधाने झालंय, उतरणार आहे” असं सांगत राहा. १०८ ला फोन लावा, नाहीतर ससूनला न्या, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. पुढे भीती, झोप न लागणं असा त्रास राहिला तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. आमच्या पोराला ती भीती पाच-सहा महिने येत होती. देवऋषीच्या वाटेला तर जाऊच नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

तो मुलगा आज या सभागृहात आहे की नाही, विचारू नका. आम्ही त्याची माफी मागितली आहे, आज सर्वांसमोर पुन्हा मागतो. घरात खरं सांगायला जागा असती, तर ते अडीच तास गेले नसते. ती जागा ठेवा, एवढंच मागणं.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!