शोधनिबंध कुठे छापायचा?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावांतली अनेक मुलं-मुली आज पीएच.डी.ची स्वप्नं पाहतात. त्यांच्या मोबाइलवर निरोप येतो : 'पैसे भरा, दोन दिवसांत शोधनिबंध छापू.' या जाळ्यापासून सावध राहा.

नुसतं यादीत नाव आहे म्हणून नियतकालिकावर विसंबूही नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत आलेली १००९ नियतकालिकं तपासली. त्यांतली ८८ टक्के दर्जाच्या निकषांत नापास झाली. हा अभ्यास २०१८मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. पुढे आलेली आयोगाची 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५मध्ये बंद झाली. आता पारख आपल्यालाच करायची आहे.

छापण्याआधी चार गोष्टी पाहा. संपादकांची नावं आणि पत्ते खरे आहेत का? लेख त्या विषयाचे तज्ज्ञ तपासतात का? शुल्क आधीच जाहीर केलं आहे का? जुने अंक वाचायला मिळतात का? उत्तर टाळलं गेलं, तर तिथे निबंध देऊ नका.

लेखकाचीही जबाबदारी आहेच. दुसऱ्याचं लेखन श्रेय न देता उचलणं ही चोरी आहे. काम न करणाऱ्याचं नाव लेखक म्हणून घालू नये, मग ते मार्गदर्शकांचं का असेना. आकडेही बनवू नयेत; खोट्या आकड्यांवर उद्या कुणाचा औषधोपचार किंवा पिकाचा सल्ला ठरू शकतो. म्हणून निबंध उशिरा छापला तरी चालेल, पण तो खराच असला पाहिजे.