विद्या पुन्हा साधताना



आजचा विषय आहे, बऱ्याच वर्षांनी विमान चालवायला पुन्हा शिकण्याचा. साहित्यमंडळात तो उपरा वाटेल. पण आपल्या माळव्याला उड्डाण नवं नाही. धारच्या भोजराजाच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी आणि त्याच्या पोटात तापवलेला पारा, असं यंत्र वर्णिलं आहे. ते उडालं, असा माझा दावा नाही. त्याच दरबारातल्या जैन कवी धनपालाच्या ‘तिलकमंजरी’त विद्याधर आकाशातून ये-जा करतात. आमच्या कथांतला विद्याधर माणूसच असतो. विद्येच्या बळावर उडतो. आणि विद्या म्हटली की ती राखावी लागते, हे आलंच.

मी मूळचा धारचा, दवाखाना देवासला. १९८१ साली इंदूरला बी.एच.एम.एस. करताना पहाटे फ्लाइंग क्लबात जात असे. विमान होतं एचएएलचं ‘पुष्पक’: शेजारी-शेजारी दोन जागा, ९० अश्वशक्तीचं इंजिन, मागचं छोटं चाक शेपटीखाली. ३१ तास झाले आणि वडील अंथरुणाला खिळले. मग दवाखाना, बहिणींची लग्नं, मुलांची शिक्षणं. लॉगबुक कपाटात गेलं ते ४२ वर्षं. वयाच्या ६३ व्या वर्षी ते बाहेर काढलं.

तुमच्यापैकी कुणी सतार, कुणी संस्कृत, कुणी पोहणं असंच अर्ध्यावर ठेवलं असेल. म्हणून माझ्या धंद्यातली एक रीत सांगतो. जुना पेशंट वीस वर्षांनी आला, तर आम्ही जुना केसपेपर वाचतो. पण त्यावरचं औषध तसंच देत नाही. केस नव्याने घेतो. झोप, भूक, तहान, थंडी सोसते की उकाडा, सगळं पुन्हा विचारतो. परतणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःची केस अशीच घ्यावी.

पहिला प्रश्न: काय टिकलं? हातापायांची ओळख टिकली. शेपटीचाकाचं विमान धावपट्टीवर सरळ ठेवायला रडरवर पाय सतत जागे लागतात. आता मी शिकतो ते सेसना पुढच्या चाकाचं, स्वभावाने सोशीक; तरी आडवा वारा आला की पाय आपोआप कामाला लागतात.

दुसरा: काय गेलं? वेग गेला, विमानाचा नव्हे, डोक्याचा. रेडिओवर एका दमात वारा, धावपट्टी, उंची आणि दाबाचा आकडा येतो. तो ऐकून तसाच परत म्हणायचा असतो. माझा चौथा आकडा गळतो. स्टॉलच्या वेळी नाक खाली घालून वेग मिळवायचा, हे पुस्तकी ज्ञान शाबूत होतं. पण घाबरलेला हात दांडा मागेच ओढू पाहतो. ती सवय सरावाशिवाय मोडत नाही.

तिसरा: काय बदललं? नकाशाशेजारी जीपीएस आला. आणि सर्वांत जास्त बदललो मी. चाळीस वर्षं लोकांची नाडी पाहणारा माणूस रक्तदाब, साखर, ईसीजी, डोळे आणि कान तपासून घ्यायला रांगेत बसला. स्वतःच्या तब्येतीचा दाखला स्वतः देता येत नाही, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर याचे दोन्ही पाय १९३१ च्या अपघातात गेले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तो पुन्हा हवाई दलात आला. तेव्हा त्यालाही आधी चाचणी आणि मग उजळणी चुकली नाही. पण आपल्याला इतक्या लांब जायला नको. कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत क्षयाने आजारी होऊन देवासला आले. गाणं बंद झालं. पडल्या-पडल्या त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली. आजार हटवला तो स्ट्रेप्टोमायसिनने, हे मी होमिओपॅथ असूनही मोकळेपणाने सांगतो. पण एक फुप्फुस निकामी झालं ते झालंच. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. गेलेल्या श्वासाशी ते भांडत बसले नाहीत. उरलेल्या श्वासाला पेलतील अशा आखूड, टोकदार फिरती त्यांनी केल्या, आणि त्यातून नवीच गायकी उभी राहिली.

मात्र इथे एक फरक आहे. मैफलीत श्वास चुकला तर एक जागा हुकते. उज्जैन-देवास रस्त्यावर दतानाजवळ हवाई पट्टी आहे. त्या भागात वरून पाहिलं की देवासची टेकडी दिसते, आणि मधली गहू-सोयाबीनची शेतं. त्या शेतांत माणसं काम करत असतात. माझ्या हौसेची किंमत त्यांनी का मोजावी? म्हणून माळव्याच्या उन्हाळ्यात मी सकाळी लवकरच उडतो. दुपारी हवा तापून विरळ होते, विमानाला उचलायला जास्त पट्टी लागते, आणि झटकेही बसतात.

माझी इन्स्ट्रक्टर माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहे. ती मला ‘डॉक्टरकाका’ म्हणते आणि चूक झाली की काकापण बाजूला ठेवून बोलते. पुढच्या महिन्यात, मी एकटा उडू शकतो की नाही, हे ती ठरवणार आहे. तिने ‘नाही’ म्हटलं तर वाद घालणार नाही, असं तिला आधीच सांगून ठेवलं आहे. मग शेजारी ती बसेल, मी उडेन.

तुम्हीही तुमचं अर्ध्यावर ठेवलेलं काही काढणार असाल, तर जरूर काढा. फक्त तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकेल असा एक जाणता माणूस आधी शोधा.