परिचारिकेचे शिक्षण आणि शिकण्याची उमेद



माझी पुतणी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, "काका, मी आता परत जात नाही." मला वाटले, रात्रपाळीला किंवा रक्ताला भ्यायली असेल. पण तसे नव्हते. ती म्हणाली, "वर्गात तासन् तास टिपणं उतरवून घेतली. वहीत सगळं आहे. पण वॉर्डात सुई धरली नि हात थरथरला. बाईंनी पेशंटसमोरच ट्रे काढून घेतला. म्हणाल्या, तुला काय येतंय?"

मंडळी, दोष मुलीत होता की शिकवण्याच्या रीतीत?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 साली परिचारिकांची शाळा निघाली. तिथे व्याख्याने होतीच, पण खरे शिक्षण होई ते वॉर्डात, जाणत्या सिस्टरच्या हाताखाली. पुढे 1911 साली अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या शाळेसाठी माणसाएवढी बाहुली तयार झाली. तिला 'मिसेस चेस' म्हणत. रोग्याला उचलणे, कूस बदलणे हे आधी बाहुलीवर करून पाहायचे. चुकले तर कुणाला दुखत नाही, आणि शिकणारीची भीड चेपते. आज बऱ्याच नर्सिंग शाळांतून अशा पुतळ्यांवर सराव करून घेतात.

डेसी आणि रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची उमेद तीन गोष्टींवर पोसते. 'हे मला जमते', 'यात माझ्या मनाला किंमत आहे' आणि 'ही माणसे माझी आहेत'. नुसती टिपणे उतरवून घेतल्याने पहिली गोष्ट मिळत नाही, आणि चारचौघांत झालेल्या अपमानाने उरलेल्या दोन्ही जातात.

याचा अर्थ लाड करावेत असा नव्हे. औषधाची मात्रा चुकली तर जीव जाईल. तिथे कडकपणा हवाच, पण तो कामाबद्दल असावा, माणसाबद्दल नको. चूक जागच्या जागी थांबवावी. बोलायचे ते बाजूला नेऊन बोलावे.

पुतणीची आम्ही समजूत घातली, ती परत गेली. सुदैवाने दुसऱ्या ट्यूटरबाई मिळाल्या. एका अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपाशी त्यांनी तिला नेले आणि विचारले, "माकडहाडावरची कातडी लाल का झाली असेल, सांग बघू?" तिने विचार केला. एकाच जागी भार पडतो, रक्त पोहोचत नाही, हे तिचे तिलाच उमगले. मग दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम बाईंनी तिच्यावर सोपवले. कातडी फाटली नाही, जखम झाली नाही. त्या आठवड्यात तिचा फोन आला तो आजोबांविषयीच बोलत होती. घरी येण्याची गोष्ट तिने काढली नाही.

शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेतही फळ्यापाशी थरथरणारे हात असतातच की!

आता पुतणीच्या हाताखाली नव्या मुली शिकायला येतात. मी विचारले, "त्यांचा हात थरथरला तर काय करतेस गं?"

"काही नाही काका. शेजारी उभी राहते."